मागच्या आसनाशेजारची जाळी

बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत ज्या रसायनांच्या कारखान्यात मी नोकरी करतो, तिथे हल्ली अधूनमधून कोणीतरी सहकारी माझ्या टेबलाशी येऊन बसतो आणि हायब्रिड गाडी घ्यावी का, असे विचारतो. नवी परवडत नाही. पण चार-पाच वर्षे वापरलेली, मोठ्या नावाची, पेट्रोल आणि वीज अशा दोहोंवर चालणारी आलिशान गाडी आवाक्यात आलेली असते. आमच्याकडे अशी गाडी प्रथम मी आणली, म्हणून मला जाणकार समजतात.

मी त्यांना मला ठाऊक आहे तेवढे सांगतो. ही गाडी वेग कमी करताना चाकांच्या फिरण्यातून वीज परत मिळवते. त्यामुळे ब्रेकच्या तबकड्या फारशा वापरल्याच जात नाहीत, आणि केळवे-चिंचणीच्या खाऱ्या हवेत त्यांच्यावर गंज चढतो. म्हणून आठवड्यातून एकदा मोकळा रस्ता पाहून, मागे कोणी नसताना, तीन-चार वेळा जोरात ब्रेक दाबावा. मोठी बॅटरी आहे म्हणून निर्धास्त राहू नये. गाडीला जागे करते ती बारा व्होल्टची साधी, लहान बॅटरी, आणि गाडी दोन-तीन आठवडे उभी राहिली की ती मान टाकते. नारिंगी रंगाच्या जाड तारांना स्वतः हात लावू नये. पडद्यावर दोषाची खूण उमटली, की भाग बदलण्याआधी तो दोष नेमका कोणता हे यंत्र लावून वाचून घ्यावे.

एवढे सांगून झाले की मी जरा थांबतो. मागच्या आसनाशेजारी असलेल्या एका काळ्या जाळीविषयी सांगायचे राहिलेले असते. ते मी सांगतोही, पण एका वाक्यात उरकतो. त्या जाळीपायी माझा थोरला भाऊ पाच महिने माझ्या गाडीत बसला नव्हता, आणि तो पुन्हा कधी बसेल की नाही, हे मला माहीत नव्हते.

केळव्याला आमची वाडी आहे. नारळ, सुपारी आणि थोड्या पानवेली. वडिलांजवळ एक जुनी डिझेलची जीप होती. खुडलेल्या पानांच्या करंड्या, वर ओले गोणपाट टाकून, त्या जीपमधून पालघरच्या स्टेशनावर जात. मी नऊ वर्षांचा होतो, भाऊ पंधराचा. ओले गोणपाट, पाने आणि डिझेल यांचा मिळून जो वास होई, तो मला आजही जगातल्या कोणत्याही अत्तरापेक्षा प्रिय आहे. करंड्या उतरवून झाल्या की वडील आम्हा दोघांत एक चहा घेऊन देत. भाऊ आधी मला पिऊ देई आणि ग्लास परत घेताना तळाशी किती उरला आहे, हे कधी पाहत नसे.

त्याचा कान विलक्षण होता. देवळाच्या वळणावर जीप असताना तो ओटीवर पडल्या पडल्या सांगे, "बाबा येतायत, नि पट्टा सैल झालाय." वडील चिडत.

"तू काय कानानं गाडी दुरुस्त करनार?"

"तुमी हातानं करा. हात कुठं घालायचा ते मी सांगतो."

आणि तो सांगे. लांब पेचकसाचे टोक इंजिनावर टेकवून, मूठ कानाशी धरून तो ऐकत असे. एकदा त्याने मलाही ऐकवले. "ऐक, आत कोनीतरी सुपारी कातरतंय." मला खरोखरच आत कोणीतरी अडकित्ता घेऊन बसल्यासारखे वाटले. त्या दिवशी वडिलांनी इंजिन उघडले तेव्हा दोष भावाने सांगितला त्याच जागी सापडला. पुढच्या खेपेला चहा दोन ग्लास आला.

मी पुढे पदविका घेतली आणि नोकरीला लागलो. भाऊ दहावीनंतर वाडीतच राहिला. मी शिकलो म्हणून तो मागे राहिला असे कोणी कधी म्हटले नाही, त्यानेही नाही. तरीही यंत्रांच्या बाबतीत शेवटचा शब्द आपला, हे मी हळूहळू गृहीत धरू लागलो. ते कधीपासून, हे आज शोधू गेलो तर सापडत नाही.

मुलीचे शिक्षण संपल्यावर मी ती गाडी घेतली. पहिल्याच रविवारी केळव्याला नेली. शेवटच्या वळणावर ती विजेवर आली आणि अजिबात आवाज न करता आमच्या खळ्यात शिरली. आमच्याकडे घरापुढच्या सारवलेल्या अंगणाला खळे म्हणतात. तिथे पाने निवडायला पाच-सहा बायका बसल्या होत्या. त्यांतल्या सर्वांत वडील बाईने हात कपाळावर धरून पाहिले.

"अगो, ढकलीत आनली का काय? आवाज नाय, धूर नाय."

"पगार पेट्रोलापर्यंत पुरला नसंल," दुसरी म्हणाली.

भाऊ हसत बाहेर आला. गाडीभोवती एक फेरी मारली, बॉनेटवर तळवा ठेवला आणि माझ्या शेजारी पुढे येऊन बसला. मी त्याला समुद्राकडच्या सुरूच्या बनापर्यंत नेऊन आणले. वाटेत त्याने डोळे मिटून घेतले होते.

"काय ऐकतोस दादा? यात ऐकण्यासारखं काही नाही."

"तेच ऐकतोय," तो म्हणाला. "पन अगदीच काय नाय असं नाय हां. मागं बारीक काहीतरी हाय."

गाडीची आसने फिकट, जवळपास दुधी रंगाच्या चामड्याची होती. वाडीतल्या माणसाला केळीचा चीक आणि ओल्या सुपारीचा डाग म्हणजे काय, हे सांगावे लागत नाही. आमच्या घरातला प्रत्येक सदरा त्या तपकिरी डागांनी ओळखू येतो. परतताना नारळ, केळी, पाने असे काहीतरी मागच्या आसनावर असणारच होते. म्हणून मी वहिनींकडे एक जाड गोधडी मागितली आणि मागच्या आसनावर अंथरली. ती घसरू नये म्हणून तिचे टोक आसनाच्या कडेच्या फटीत घट्ट खोचले. तिथे एक लहानशी काळी जाळी होती. मला ती शोभेची वाटली. गाडीसोबत आलेले जाडजूड पुस्तक मी उघडले नव्हते.

त्यानंतरचे रविवार मला फार सुखाचे गेले. दुपारी मी निघे तेव्हा भाऊ बहुतेक वेळा पालघरच्या बाजारापर्यंत माझ्याबरोबर येई. त्या अर्ध्या तासात आम्ही जेवढे बोललो, तेवढे मधल्या तीस वर्षांत बोललो नव्हतो. कोणाच्या विहिरीला खारे पाणी लागले, चुलतभावाने वाडीत खोल्या बांधून मुंबईच्या पाहुण्यांना कशा भाड्याने दिल्या, बाबांना शेवटी शेवटी काय खावेसे वाटत होते. मधेच तो मान मागे वळवी.

"अरे, गोधडीखाली काहीतरी धापतंय."

"एसी असेल, दादा."

"एसी म्होरं हाय. हे मागं हाय."

"ही संगणकावर चालणारी गाडी आहे. काही झालं तर तीच सांगेल."

यावर तो मान पुन्हा पुढे वळवी. मला वाटे, पटले त्याला.

मे महिन्यात मला कामासाठी बारा दिवस गुजरातेत जावे लागले. गाडी केळव्याला ठेवली. एक चावी भावाकडे मी सुरुवातीपासूनच दिली होती. मधे एके दिवशी पाने नेणारा टेम्पो आला नाही, म्हणून त्याने फोन करून विचारले. मीच म्हणालो, गाडी ने. परत आलो तेव्हा गोधडी घडी करून पुढच्या आसनावर ठेवलेली होती आणि मागे सामानाच्या जागेत ओलाव्याचा डाग होता. मी मनातल्या मनात नाराज झालो. गोधडी पुन्हा अंथरली, टोक पुन्हा खोचले आणि भर दुपारी एकटाच निघालो.

पालघरच्या वाटेवरचे माहीम गाठण्यापूर्वीच पडद्यावर लाल त्रिकोण उमटला आणि सुरक्षित जागी थांबण्याची सूचना आली. गाडीतली बरीचशी शक्ती गेली. मी तशीच रखडत ती वळवून पुन्हा खळ्यात आणली. बायका पाने निवडत होत्या, शेजारचे काका आले होते, वहिनी पाण्याचा तांब्या घेऊन उभ्या होत्या. भाऊ धावत पुढे आला.

"काय झालं रे?"

"पाणी सांडलंस ना मागं? बॅटरी मागं असते, दादा!"

"अरे, करंड्यांखाली मी प्लास्टिक टाकलेलं. नि ती गोधडी..."

"गोधडीचं सोड! यातलं तुला काही कळत नाही. ही बाबांची जीप नाही, कान लावला आणि झालं. तुझ्या हातात चावी दिली, हीच माझी चूक."

मी स्वभावाने हळू बोलणारा आहे, असे लोक म्हणतात. त्या दिवशी माझा आवाज शेजारच्या वाडीत ऐकू गेला असणार. भाऊ घरात गेला, खुंटीवरची चावी घेऊन आला, तापलेल्या बॉनेटवर ठेवली आणि वेलींकडे निघून गेला. वहिनींनी तांब्या तसाच आत नेला. तासाभराने गाडी थंड झाली आणि आपसूक चालू लागली. मी बोईसरला पोहोचलो.

मुंबईच्या एका सेवा केंद्रातल्या माणसाने फोनवर लक्षणे ऐकूनच सांगितले की मोठी बॅटरी बदलावी लागेल. एवढ्या मोठ्या खर्चाचा निर्णय होईना, म्हणून तीन आठवडे गाडी इमारतीखाली उभी राहिली, आणि एका सकाळी तिचे दारही उघडेना. तेव्हा एका सहकाऱ्याने तारापूर रस्त्यावरच्या एका मेकॅनिकचे नाव सुचवले. हा मूळचा चिंचणीकडचा, माझ्याच वयाचा. पूर्वी कारखान्यांत विजेची पॅनेल जोडायचा.

त्याने प्रथम लहान बॅटरीला बाहेरून वीज दिली. "आधी धाकटीला जागी करू. ती झोपलीय म्हनून थोरली बोलत नाय." पडदा उजळला. त्याने स्टिअरिंगखाली आपले यंत्र जोडून दोष वाचला आणि मागचे दार उघडले.

"ही गोधडी कशाला?"

"आसन खराब होऊ नये म्हणून."

"नि ही जाळी कशाची वाटली तुमाला?"

"शोभेची."

तो इतका हसला की त्याला दाराच्या उंबऱ्यावर बसावे लागले. "सायेब, हे नाक हाय गाडीचं. आतली गार हवा हितून थोरल्या बॅटरीला जाते. तुमी एवढी भारी गाडी घेतलीत नि तिच्या नाकात गोधडी कोंबलीत!"

रबरी हातमोजे चढवून, मोठ्या बॅटरीचा जोड काढून, दहा मिनिटे थांबून त्याने जाळीमागचा पंखा बाहेर काढला. त्यावर लाल-हिरव्या दोऱ्यांचा आणि काथ्याच्या भुशाचा जाड थर बसला होता. मी विचारले, पाणी गेले असेल का? त्याने सामानाच्या जागेतला गालिचा उचलून दाखवला. खाली कोरडे ठणठणीत होते.

"पानी हितवर पोचलंच नाय. कोन म्हनला पानी गेलं?"

मी गालिचा पुन्हा जागेवर बसवला.

"बॅटरी चांगली हाय. नुसती गुदमरली," ब्रशने पंखा झाडत तो म्हणाला. "पन हा पंखा बरेच दिवस धापत असनार. आवाज नाय आला कुनाला?"

"आला होता. एकाला."

"मंग?"

मी त्याला चहा घेणार का, असे विचारले.

हे जूनमधे झाले. त्या दिवशीच केळव्याला जाऊन सांगायला हवे होते. मी गेलो नाही. पुढच्या रविवारी गेलो, तेव्हा भावाने नेहमीसारखे नारळ सोलून ठेवले होते, जेवताना मला दुसऱ्यांदा आमटी वाढायला लावली, माझ्या रक्तदाबाची चौकशी केली. मी निघताना मात्र तो वाडीत काहीतरी काम काढून निघून गेला. असे प्रत्येक रविवारी होऊ लागले. मी स्वतःची समजूत घातली, की तो विसरला आहे. सांगून जुनी गोष्ट उकरून काढण्यात अर्थ नाही. ही समजूत खोटी आहे, हे मला तेव्हाही ठाऊक होते. चोपन्नाव्या वर्षी, ज्या एका गोष्टीतले आपल्याला कळते असे मी मानत आलो होतो, तिच्यातच मी चुकलो होतो, आणि तो बरोबर होता. नुसता बरोबर नव्हता. त्याने मला दोनदा सांगितले होते. भांडणाच्या दिवशीही तो तेच सांगत होता, आणि ते वाक्य मी त्याला पुरे करू दिले नव्हते.

ऑगस्टमधे एकदा तो मला नाक्यावर दिसला. त्याच्या डोळ्यांवर पालघरला उपचार सुरू होते, आणि तो शेअर रिक्षेची वाट पाहत छत्री घेऊन उभा होता. मी गाडी थांबवली.

"दादा, चल. पालघरलाच चाललोय."

"तू जा. मला बाजारात थांबायचं हाय."

"मीही थांबतो."

"रिक्षावाल्याला सांगितलंय," तो म्हणाला.

तिथे एकही रिक्षा नव्हती. पाठीमागे एसटीने भोंगा वाजवला आणि मी पुढे निघालो. पालघर येईपर्यंत पावसाने बाहेरचे काही दिसत नव्हते. गाडी निर्दोष चालत होती. पंखा स्वच्छ होता, आसने स्वच्छ होती.

ऑक्टोबरात, पाऊस ओसरल्यावर, मी एका रविवारी थेट वेलींत गेलो. भाऊ केळीच्या सुक्या सोपटाने वेल बांधत होता. मी त्याला सगळे सांगितले. जाळी, गोधडी, पंखा, कोरडा गालिचा. तो हातातले काम न थांबवता ऐकत होता.

"कधी कळलं?"

"जूनमधे."

त्याने दोन गाठी बांधल्या. "म्हंजे चार महिने."

"हो."

"गोधडी काढून ठेवली तेवा आवाज निम्म्यावर आलेला. तेच सांगत होतो."

"माहीत आहे, दादा. चुकलो मी."

"मला हितं वेलीत सांगतोस," तो म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. "बोललास ते खळ्यात ना?"

मला क्षणभर समजले नाही, आणि मग समजले. आमच्या गावात खळ्यात बोललेला शब्द खळ्यातच मागे घ्यावा लागतो, आणि ज्यांनी तो ऐकला त्यांच्यासमोर. बांधाचे भांडण असो की लग्नातला टोमणा. विहिरीच्या पाळीवरून शेजाऱ्याला लबाड म्हटल्याबद्दल खुद्द वडिलांनी त्याच्या खळ्यात उभे राहून क्षमा मागितलेली मी पाहिली होती. बोईसरच्या इमारतीत राहून मी ही रीत विसरलो होतो. तिथे माणसे बंद दाराआड भांडतात आणि बंद दाराआडच मिटवतात.

"पुढच्या रविवारी बोलतो," मी म्हणालो.

"बाया आता हायत."

मी खळ्यात गेलो. त्याच बायका होत्या; शेजारच्या काकांना त्यांतल्या एकीने हाक मारून बोलावले. वहिनी दारात आल्या. भाऊ येऊन पानांच्या ढिगाशी खाली बसला आणि निवडू लागला. मी उभा राहून बोलायला सुरुवात केली. मे महिन्यात मी दादाला जे बोललो...

"मोठ्यानं बोल," ती वडील बाई म्हणाली. "तेवा मोठ्यानं बोललेलास."

मी मोठ्याने बोललो. गाडी दादामुळे बिघडली नव्हती, माझ्यामुळे बिघडली होती. दादाने आधीच सांगितले होते, मी ऐकले नाही. त्याला काही कळत नाही असे म्हणालो, ते खोटे होते. आणि हे सगळे कळल्यावरही मी चार महिने गप्प बसलो.  एवढे बोलून मी खांबाला टेकलो.

"गाडीच्या नाकात गोधडी!" एक जण म्हणाली. "आन इंजिनेर म्हनवतो."

"मंग माझी गोधडी परत द्या, भावोजी," वहिनी म्हणाल्या. "धुऊन द्या."

बायका हसल्या. भाऊ हसला नाही. त्याने हातातली जुडी पुरी केली, बांधली, उठून हात धुतले आणि खुंटीवरचा सदरा अंगात चढवला.

"डोळ्याच्या डॉक्टरकडं जायचंय. आज रविवारचा बसनार हाय म्हनाला, चारपर्यंत."

मी पुढचे दार उघडून धरले. तो त्या दारापाशी थांबला, मग मागचे दार स्वतः उघडून आत बसला.

"दादा, पुढं बस ना."

"हितं बरं हाय."

त्या दिवसापासून तो पुन्हा दर रविवारी पालघरपर्यंत येतो. बोलतोही, वाडीचे, पावसाचे, चुलतभावाच्या पाहुण्यांचे. मात्र अजून तो मागेच बसतो. मी त्याला आग्रह करत नाही. चार महिन्यांच्या गप्प राहण्याचा हिशेब एका दुपारी खळ्यात पुरा होईल, अशी अपेक्षा करण्याचा मला अधिकार नाही. आरशात मला त्याचा एक खांदा आणि पांढरे केस तेवढे दिसतात.

गेल्या रविवारी बाजाराशी उतरल्यावर तो निघून जाण्याऐवजी गाडीला वळसा घालून पुढे आला. त्याने पुढचे दार उघडले, बरोबर आणलेली पानांची जुडी माझ्या शेजारच्या आसनावर ठेवली आणि म्हणाला, "हितं राहू दे. मागं ऊन येतं."

मग दार लावून तो बाजारात गेला.